सीमापार सहकार्याची प्रत : येलदरी ते बाभळी

प्रास्ताविक

दोन शेजारी प्रदेशांमध्ये सहकार्य आहे की नाही, हा प्रश्न तसा सोपा आहे. करार झाला आहे का, समिती नेमली आहे का, एवढे पाहिले की उत्तर मिळते. ते सहकार्य कोणत्या प्रतीचे आहे, हे ठरवणे मात्र अवघड असते. या पाठात आपल्याला तेच शिकायचे आहे. सीमा राष्ट्रांमधली असो वा घटकराज्यांमधली, कसोट्या बऱ्याच अंशी सारख्या असतात. राज्यांना वादात सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते, राष्ट्रांना तसे दार सहसा नसते, हा मोठा फरक आहे. तो ध्यानात ठेवून आपल्या परिचयाच्या एका नदीचे उदाहरण घेऊ.

एक नदी, दोन राज्ये

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. (विदर्भातून वाहत जाऊन तापीला मिळणारी पूर्णा निराळी. उत्तरपत्रिकेत ही गल्लत होऊ देऊ नका.) येलदरीला वीजनिर्मिती होऊन सुटलेले पाणी खाली हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणात येते आणि तेथून कालव्यांनी शेतीकडे जाते. पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. गोदावरी नांदेडवरून आणि धर्माबाद तालुक्यातील बाभळीवरून तेलंगणात शिरते. तेथे निजामाबाद जिल्ह्यात तिचे पाणी पोचमपाड येथे, म्हणजे श्रीराम सागर जलाशयात, अडवलेले आहे.

येलदरीपासून पोचमपाडपर्यंतचा हा सारा प्रवाह १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी एकाच हैदराबाद राज्यात होता. परभणी, नांदेड आणि निजामाबाद हे तेव्हा एकाच सरकारचे जिल्हे होते. भाषावार पुनर्रचनेनंतर नदी होती तशीच राहिली, तिच्या वाटेत मात्र राज्याची सीमा आली. पोचमपाडची पायाभरणी १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाली तेव्हा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या राज्यांच्या हिशेबात गेलेला होता.

कराराची भाषा

गोदावरीच्या पाणीवाटपासाठी १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण नेमले गेले. त्याचे काम चालू असतानाच, ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांनी आपसांत करार केला. गोदावरीवर पैठण धरणापर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे, असे त्यात ठरले. या दोन ठिकाणांच्या आणि मांजरेवरील निजामसागरच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात, महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याची मर्यादा घातली गेली. न्यायाधिकरणाने १९८० च्या अंतिम निवाड्यात हा करार समाविष्ट केला.

सहकार्याची पहिली कसोटी येथे मिळते. कराराचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखाच लागतो का? येलदरी सिद्धेश्वरच्या वर आहे, त्यामुळे तेथील पाणी कोणाचे, हे कलम वाचताच समजते. खालच्या पट्ट्याचे तसे झाले नाही. तेथे आकडा ठरला होता, पण तो आकडा कोठे आणि कोणत्या बांधकामाने वापरता येईल, यावर पुढे वाद उभा राहिला.

बाभळीचा वाद

राज्याच्या सीमेपासून सुमारे ७ किलोमीटर वर महाराष्ट्राने बाभळीचा बंधारा बांधायला घेतला. त्याची साठवण २.७४ टीएमसी. श्रीराम सागराच्या सुमारे ९० टीएमसीपुढे ही साठवण लहानच आहे. परंतु बंधाऱ्याची जागा पोचमपाडच्या बुडीत क्षेत्रात येते, हा आंध्र प्रदेशाचा मुख्य आक्षेप होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेशाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बाभळीकडे निघाले असता त्यांना धर्माबाद येथे ताब्यात घेण्यात आले आणि हा प्रश्न देशभर गाजला.

२८ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला. बंधारा राहील, मात्र १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावेत, आणि बुडीत क्षेत्रातील पाण्याची भरपाई म्हणून १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे. देखरेखीसाठी तीन सदस्यांची समिती असावी : केंद्रीय जल आयोगाचा प्रतिनिधी अध्यक्ष आणि दोन्ही राज्यांचा एकेक सदस्य.

आता या व्यवस्थेची प्रत ठरवून पाहा. ठरल्या तारखेला दरवाजे उघडले आणि ठरल्या तारखेला मिटले, की नियम पाळला गेला. अनेक अभ्यासक येथेच थांबतात आणि सहकार्य यशस्वी झाल्याचा शेरा देतात. मला हा शेरा घाईचा वाटतो. नियम दिनदर्शिकेला बांधलेला आहे, नदी पावसाला बांधलेली आहे. ज्या वर्षी परतीचा पाऊस लवकर आटोपतो, त्या वर्षी २९ ऑक्टोबरला दरवाजे मिटले तरी अडवायला पाणी किती उरणार? धर्माबादच्या शेतकऱ्याने पावसाळाभर नदी भरून वाहताना पाहायची आणि रब्बीच्या वेळी अर्धवट साठ्याकडे पाहायचे. उलट, ज्या वर्षी श्रीराम सागर ऑगस्टमध्येच तुडुंब भरतो, त्या वर्षीही वरचे दरवाजे उघडेच. अशा वेळी पाणी अडवल्याने खालच्या राज्याचे काय बिघडते, हे विचारण्याची सोय तारखेच्या नियमात नाही. खालच्या राज्याची भीती खोटी होती असे मात्र समजू नका. कोरड्या वर्षात वरच्याने दरवाजे मिटले तर आपल्याकडे काय येईल, ही चिंता खालच्या गावाला असणारच. निश्चित तारीख त्या चिंतेवरचे उत्तर आहे.

तुलनेसाठी दोन नियम

गंगेच्या पाण्याबाबत भारत आणि बांगलादेश यांच्यात डिसेंबर १९९६ मध्ये ३० वर्षांचा करार झाला. त्यात जानेवारी ते मे या काळात फराक्का येथील प्रवाह दहा-दहा दिवसांनी पाहून वाटा ठरतो. प्रवाह ७० हजार क्युसेक वा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. ५० हजारांच्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी तातडीने विचारविनिमय करायचा. मोजणी संयुक्त समिती करते. बांगलादेशात या करारावर टीका झाली आहे, पण नियमाला टंचाई ओळखता येते, हे मान्य करावे लागते.

दुसरा नियम घरचाच. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाशिक-नगरकडील धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. येथेही तारीख आहे, पण निर्णय साठ्यावर होतो. एवढे असूनही सोडण्याच्या वेळी आंदोलने होतात आणि प्रकरणे न्यायालयात जातात. चांगला नियम विश्वासाची जागा घेऊ शकत नाही.

वाट्याबाहेरचे प्रश्न

आता पुन्हा येलदरीला येऊ. १९७५ च्या कलमामुळे येथील पाण्याचा हक्क निश्चित झाला. परंतु त्या कलमाचा विषय वाटा आहे, पूर नव्हे. येलदरी भरली की विसर्ग सिद्धेश्वरमार्गे गोदावरीत उतरतो. श्रीराम सागराचा फुगवटा खालून नांदेड जिल्ह्यात चढतो. दोहोंच्या मधल्या गावांना आपले हक्काचे पाणी किती, यापेक्षा आज रात्री पाणी किती चढणार, हे कळण्याची निकड असते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली आणि विषारी पाणी ऱ्हाइन नदीत उतरले. नदीच्या रक्षणासाठी काठच्या देशांचा आयोग १९५० पासून काम करत होता, तरी खालच्या देशांना वेळेत नीट सूचना मिळाली नाही. त्यानंतर, १९८७ मध्ये, ऱ्हाइनचा संयुक्त कृती कार्यक्रम स्वीकारला गेला. संस्था असणे आणि संकटाच्या रात्री तिचा निरोप पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्षेत्रकार्य

आपल्या जवळच्या एखाद्या धरणाखालच्या गावात जा. ते गाव सीमेलगत असेल तर उत्तमच. गेल्या पावसाळ्यात विसर्गाची सूचना कोणी दिली, कोणत्या मार्गाने दिली आणि पाणी येण्याच्या किती तास आधी मिळाली, हे किमान पाच घरांत विचारा. मग तोच प्रश्न पाटबंधारे कार्यालयात विचारून दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी लिहून काढा. ती जुळत नसतील तर कोणते उत्तर खोडायचे, याची घाई करू नका.