परदेशातील सेवा आणि नेतृत्वाची कसोटी

विद्यार्थिदशेत काही काळ परदेशी जाऊन सेवाकार्य करावे आणि त्यातून नेतृत्वगुणांची जोपासना व्हावी, ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थांनी फ्रान्समधील व्हर्दूनजवळ युद्धात उद्ध्वस्त झालेले एक गाव पुन्हा उभारण्यासाठी शिबिर घेतले. कालचे शत्रू म्हणजे जर्मन स्वयंसेवकही त्यात होते. हेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन राबले. पुढे १९४८ साली, दुसऱ्या महायुद्धाने दुभंगलेल्या युरोपात, सात देशांच्या विद्यार्थ्यांनी ‘आयसेक’ ही संघटना स्थापन केली. तरुणांनी एकमेकांच्या देशांत राहून काम केले तर परस्परांविषयीचा गैरसमज कमी होईल, अशी तिच्यामागील श्रद्धा होती. आज अशा संघटनांमार्फत जगभरचे विद्यार्थी काही आठवड्यांसाठी दुसऱ्या देशात जातात.

हिंगोलीसारख्या ठिकाणच्या कला शाखेच्या विद्यार्थ्याने या गोष्टीकडे कसे पाहावे? याबाबत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे की ही धनिकांच्या मुलांची चैन आहे. प्रवासखर्च आणि शुल्क स्वतःच भरावयाचे असेल तर शेतकऱ्याच्या मुलाने त्या वाटेला जाऊच नये. दुसरे मत असे की परदेशाचा शिक्का बसलेले प्रमाणपत्र मिळाले की नोकरीची वाट सोपी होते, म्हणून कर्ज काढूनही जावे. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे. परंतु दोन्हींमध्ये जाणाऱ्याचाच विचार आहे. ज्यांच्याकडे जावयाचे त्यांच्या पदरात काय पडते, आणि ‘नेतृत्व’ म्हणजे नेमके काय, हे प्रश्न बाजूलाच राहतात. त्यांचा उलगडा करण्यासाठी आपल्याच मराठी मुलखातील एक उदाहरण अभ्यासणे उपयुक्त ठरेल. ते म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सैन्याकडे डॉक्टरांची आणि औषधांची भीषण टंचाई होती. त्या वर्षाच्या अखेरीस सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, लोकांकडून निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय सेवा करून आलेले डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि मुंबईच्या गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. कोटणीस हे इतर चौघे. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबई बंदरातून निघाले. कोटणीसांचे वय तेव्हा पुरते अठ्ठावीसही नव्हते.

हे पथक विद्यार्थी संघटनेचे नव्हते, ही गोष्ट खरी. तरीही परदेशी सेवेला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःला विचारावयाचे चार प्रश्न या उदाहरणातून स्पष्ट होतात.

पहिला प्रश्न : आपणांस बोलावले कोणी? हिंदी डॉक्टर चीनला गेले ते चीनने मागणी केली म्हणून. ‘तुम्हांला याची गरज आहे’ असे आपण परस्पर ठरवून दुसऱ्याच्या घरात शिरणे आणि हाक आल्यावर धावून जाणे, यांत महदंतर आहे. सेवेची योजना यजमानांनी आखलेली आहे की पाहुण्यांच्या सोयीसाठी बेतलेली आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न : आपण बरोबर काय नेतो? सदिच्छा ही शिदोरी पुरेशी नाही. कोटणीसांच्या हाती शस्त्रक्रियेचे कौशल्य होते. यावर कोणी म्हणेल की, ते वैद्य होते, आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्याजवळ काय आहे? आपल्याजवळ भाषा आहे. आपल्या भागातील साधा विद्यार्थीसुद्धा मराठी व हिंदी बोलतो, थोडीफार इंग्रजी जाणतो आणि तांड्यावरचा असेल तर गोरमाटीही बोलतो. गावाची पाहणी करणे, माहिती नोंदवणे, भाषांतर करणे, निरक्षराला अर्ज लिहून देणे ही कामे कौशल्याचीच आहेत. मात्र ती हौशीने नव्हे, तर अभ्यासाने यावी लागतात.

तिसरा प्रश्न : आपण कोणाच्या हाताखाली काम करणार? येथेच नेतृत्वाविषयीची आपली रूढ समजूत तपासावी लागते. नेता म्हणजे पुढे चालणारा, भाषण करणारा, असे आपण मानतो. कोटणीस पथकाचे प्रमुख नव्हते. चीनमध्ये त्यांनी प्रथम काय केले असेल तर ते शिष्याची भूमिका घेतली. ते चिनी भाषा शिकले, बोलू लागले आणि पुढे त्याच भाषेत वैद्यकाचे अध्यापन करू लागले. पथकातील सर्वांनी चिनी नावे घेतली. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. वडील वारल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली, तरी ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. १९४० पर्यंत पाचांपैकी तिघे मायदेशी परतले. त्यांची सेवा काही कमी प्रतीची नव्हती. परंतु कोटणीस राहिले आणि आघाडीजवळ जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले.

नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे नामवंत शल्यचिकित्सक याच भागात काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. म्हणजे नेतृत्व मिळविण्यासाठी ते गेले नव्हते. भाषा शिकून, काम करून आणि टिकून राहून जो विश्वास त्यांनी संपादन केला, त्यातून जबाबदारी आपोआप त्यांच्या खांद्यावर आली. नेतृत्वाची याहून साधी आणि खरी व्याख्या सापडणे कठीण.

चौथा प्रश्न : आपण परतल्यावर मागे काय उरणार? कोटणीस तर परतलेच नाहीत. १९४१ च्या अखेरीस त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या आजाराने कोटणीसांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. पण मागे उरले ते त्यांनी शिकविलेले तरुण चिनी वैद्य. शस्त्रक्रियेवरील एक पाठ्यपुस्तकही ते लिहीत होते. आपले कौशल्य आपल्यापाशी न ठेवता तेथल्या माणसांच्या हाती सोपविणे, ही सेवेची शेवटची पायरी होय. सहा आठवड्यांसाठी एखाद्या शाळेत शिकवून येणाऱ्या स्वयंसेवकाने हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा. तो गेल्यावर मुलांना पुन्हा नवा पाहुणाच मिळणार असेल, तर लाभ कोणाचा झाला?

याच १९३८ सालाचा आपल्या भागाशीही संबंध आहे. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. त्या वर्षी औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ गाण्याचा हक्क सोडण्यास नकार दिला आणि उस्मानिया विद्यापीठाने अनेकांना काढून टाकले. त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. ज्या नागपूरने आपला एक डॉक्टर चीनला धाडला, त्याच नागपूरने निजामी मुलखातील मुलांना आसरा दिला. सेवा घेण्याचे दिवस आपल्यावरही आले होते, हे स्मरणात ठेवले म्हणजे सेवा देताना उपकाराची भाषा तोंडी येत नाही.

वरील चार प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी पारपत्राची गरज नाही. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याकडून वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर अपेक्षित असते. आपल्या जिल्ह्यात बंजारा तांडे आहेत, आंध आदिवासींची गावे आहेत. महाविद्यालयापासून थोड्या अंतरावरच बोली बदलते, खाणेपिणे बदलते, घरातील रीतिरिवाज बदलतात. त्या गावाने आपणांस कशासाठी बोलावले हे विचारल्याशिवाय शिबिराची जागा ठरू नये. रस्ता झाडून, छायाचित्र काढून परत येणे म्हणजे शिबिर नव्हे. सात दिवसांत तेथल्या बोलीतील पन्नास शब्दही जो शिकत नाही, तो परदेशी जाऊन काय शिकणार?

म्हणून परदेशी जाण्याची संधी आली तर ती नाकारू नये, आणि न आली तर खंत करू नये. मात्र जाणाऱ्याने फॉर्म भरण्यापूर्वी हे चार प्रश्न कागदावर लिहून त्यांची प्रामाणिक उत्तरे द्यावीत, आणि महाविद्यालयानेही निवड करताना वक्तृत्वाच्या बक्षिसांऐवजी शिबिरातील कामाची वही पाहावी. गरजू पण लायक विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चासाठी माजी विद्यार्थ्यांनी निधी उभारला तर धनिकांची चैन ही टीकाही मागे पडेल. सोलापूरच्या तरुणाला चीनपर्यंत पोहोचविणारा निधी लोकवर्गणीतूनच जमला होता.