व्यायामवर्ग आणि शिक्षकाची दृष्टी

सामुदायिक योगवर्ग घेणाऱ्यांनी मनन करावा असा एक इतिहास आपल्या बेळगावाशी निगडित आहे. तो आम्ही येथे देत आहो.

इ. स. १९३६ मध्ये म्हैसूरचे आचार्य टी. कृष्णम्माचार्य शिष्यांसह या प्रांती योगप्रात्यक्षिके करीत आले. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांस ती विद्या मनोमन पटली. त्यांच्याच खटपटीने १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार पुण्यास शिकविण्यासाठी आले. वय अवघे १८. बालपणीच्या दुखण्यांनी देह कृश. मराठी अवगत नाही. आणि शिकणारे बहुतेक वयाने व बळाने अधिक! शब्दांचा आधार नव्हता, तेव्हा स्वतःचा कठोर अभ्यास हीच त्यांची भाषा झाली. पुढे अशक्तांसाठी त्यांनी दोर, ठोकळे, खुर्ची यांची योजना केली.

निपाणी-बेळगाव भागात मराठी व कन्नड बोलणारे एकाच सभामंडपात बसतात. म्हणून शिक्षकाने आसन आधी करून दाखवावे, मग सांगावे, आणि नंतर रांगेतून फिरून प्रत्येकाकडे पाहावे. गुडघे दुखणाऱ्या आजींस भिंतीचा आधार द्यावा. कोणी दोन दिवस न आल्यास घरी जाऊन विचारपूस करावी. आपली कोणास दखल नाही असे वाटले, की माणूस मुकाट्याने येणे सोडतो.

देवाच्या दारी पहिली व शेवटची रांग सारखीच. वर्ग घेणाऱ्यांनी तीच दृष्टी ठेवावी, एवढीच आमची प्रार्थना.