बटण दाबले की तापलेच पाहिजे?

साधकहो, स्वयंपाकघरात एखादे नवे, दिमाखदार यंत्र आले की पहिले चार दिवस आपण त्याला फार जपतो. ओल्या हाताने शिवत नाही. मग सवय होते, आणि ‘याने माझे ऐकलेच पाहिजे’ असे मनाने कधी ठरवले ते आपल्याला कळतही नाही. आजचा स्वाध्याय या न कळण्याचा आहे.

इंदूरच्या आमच्या घरी मुलाने इंडक्शन शेगडी आणली. काळी काच, बोट टेकवले की उजळणारे आकडे, दुधाचे बटण वेगळे. हिचा स्वभाव आधी समजून घ्या. हिच्यात जाळ नाही. काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारा वीजप्रवाह जातो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि भांड्याचा तळच तापतो. म्हणून ज्याच्या तळाला चुंबक चिकटेल असे सपाट भांडेच लागते. अॅल्युमिनियमचे किंवा पितळेचे साधे पातेले चालत नाही. २००० वॅटची शेगडी ८ अँपिअरहून जास्त वीज ओढते, तेव्हा ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ती लावू नये, १६ अँपिअरचे घ्यावे. विजेचा दाब फार घसरला किंवा आतल्या पंख्याची जाळी पिठाने, तेलकट धुळीने भरली, की ती स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते.

मला हे सगळे नंतर कळले. आधी मी जुना कुकर देऊन टाकला आणि गॅसची शेगडी माळ्यावर टाकली. शेजारणींना कौतुकाने सांगितलेही!

एका गुरुवारी घरी सत्संग होता, वीसेक माणसे. कढईत फोडणी पडली आणि शेगडी टीं-टीं करून थांबली. मी बटण पुन्हा दाबले. पुन्हा थांबली. सून म्हणाली, “आई, जरा थंड होऊ द्या तिला.” मी ओरडले, “तूच काल दूध उतू जाऊ दिलंस, तेच गेलं असेल आत!” बाहेरच्या खोलीत नामस्मरण चालले होते, तिथे ते ऐकू गेले. ती काही बोलली नाही. स्टूल घेतले, माळ्यावरची शेगडी काढली, पुसली, लावली. खिचडी अर्धा तास उशिरा झाली. त्याचे कोणाला काहीच वाटले नाही.

दुरुस्तीवाल्याने शेगडी उघडली तेव्हा पंख्याची जाळी पिठाने बुजलेली निघाली. पीठ माझ्याच पोळपाटाखालचे. दुधाचा काही संबंध नव्हता. हे सुनेला सांगायला मी आठ दिवस लावले. शेगडी बिघडण्यापेक्षा मला या आठ दिवसांचीच जास्त लाज वाटते.

आता आपण पाहा. शेगडी थांबली आणि मी बोलले, यात अर्धा मिनिट गेला असेल. तेवढ्यात मनाने आरोपी शोधला, पुरावाही जोडला.

या आठवड्यात प्लग काढून, कोरड्या ब्रशने जाळी साफ करा. घरात दुसरी शेगडी चालू स्थितीत ठेवा. आणि कोणतेही यंत्र अडले, की हात बाजूला घ्या, तीन श्वास पाहा आणि पहिला दोष मनाने कोणाला दिला तेवढेच वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात चार नोंदी झाल्या: तीन सुनेच्या नावावर, एक मुलाच्या.