परक्या संगणकावर अडणारा मॅक्रो

कार्यालयातील एखादा उत्साही कर्मचारी दरमहा लागणाऱ्या तक्त्यासाठी एक्सेलमध्ये मॅक्रो तयार करतो. दोन दिवसांचे काम काही मिनिटांत उरकू लागते. पुढे तीच फाइल शेजारच्या कार्यालयात जाते आणि मॅक्रो चालत नसल्याचा दूरध्वनी येतो. “माझ्याकडे तर चालतो,” असे उत्तर बहुधा मिळते. ते खोटे नसते. पण दोषाचा शोध तेथूनच सुरू करावयास हवा. मॅक्रो म्हणजे एक्सेलला क्रमवार दिलेल्या आज्ञा होत. लिहिणाऱ्याच्या संगणकावरील कितीतरी गोष्टी या आज्ञांत न सांगता गृहीत धरलेल्या असतात. त्यांपैकी कोणती गोष्ट दुसरीकडे नाही, हे हुडकून काढणे म्हणजेच दुरुस्ती.

मॅक्रो मुळी सुरूच होत नाही, मध्येच संदेश देऊन थांबतो, की शेवटपर्यंत चालून चुकीचे उत्तर देतो, हे प्रथम विचारून घ्यावे.

सुरूच होत नसेल, तर बहुधा सुरक्षाव्यवस्था आड आलेली असते. इंटरनेटवरून उतरविलेल्या किंवा ई-मेलने आलेल्या फाइलवर विंडोज तशी खूण ठेवते, आणि अशा फाइलींतील मॅक्रो रोखून धरण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून लागू केली आहे. फाइल कोणी पाठविली याची खात्री करून घ्यावी व तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’पुढे खूण करावी. सर्वच मॅक्रोंना सरसकट परवानगी देण्याचा सल्ला मात्र मानू नये; एका तक्त्यासाठी कार्यालयाचे दार रात्रभर उघडे ठेवण्यासारखे ते आहे. कधी कधी मॅक्रो फाइलबरोबर गेलेलाच नसतो. ‘पर्सनल’ वर्कबुकमध्ये साठविलेला मॅक्रो लिहिणाऱ्याच्याच संगणकावर राहतो.

संदेश देऊन थांबणाऱ्या मॅक्रोत पहिला संशय पत्त्याचा घ्यावा. लिहिणाऱ्याच्या ‘डेस्कटॉप’चा संपूर्ण पत्ता आज्ञेत असेल, तर दुसरीकडे तो सापडणार कसा? ‘धिस-वर्कबुक’च्या ‘पाथ’वरून पत्ता काढल्यास फाइल जाईल तेथे तो तिच्याबरोबर जातो. दुसरा दोष अधिक फसवा आहे. ‘लेफ्ट’ किंवा ‘डेट’ यांसारख्या साध्या शब्दावर मॅक्रो अडतो आणि ‘प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. दोष त्या शब्दात नसतो. ‘टूल्स’मधील ‘रेफरन्सेस’ची यादी त्याच संगणकावर उघडावी, एखाद्या नावामागे ‘मिसिंग’ लिहिलेले आढळेल. ते नको असल्यास खूण काढावी. हवे असल्यास आउटलुकसारखा जोड ‘क्रिएट-ऑब्जेक्ट’ने आयत्या वेळी मागवावा. ३२ बिट ऑफिसवर लिहिलेल्या जुन्या ‘डिक्लेअर’ ओळी ६४ बिट ऑफिसमध्ये ‘पीटीआर-सेफ’ या शब्दावाचून चालत नाहीत, हेही पाहावे.

थांबलेला मॅक्रो निदान दोष सांगतो. न थांबता चुकणारा अधिक घातक होय, आणि त्यात तारखांचा घोळ अग्रभागी असतो. समजा, ३० जून २०२४ रोजी ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांची यादी करावयाची आहे आणि जन्मतारखा मजकूर म्हणून भरलेल्या आहेत. ‘०८/०५/१९५९’ या मजकुराचे ‘सी-डेट’ने तारखेत रूपांतर केले, तर भारतीय मांडणीच्या संगणकावर ती ८ मे ठरते व ती व्यक्ती यादीत येते. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल, तर तीच ५ ऑगस्ट ठरते आणि नाव गळते. ‘०५/०८/१९५९’ असेल, तर उलट अपात्र नाव यादीत शिरते. यातही ‘२५/०८/१९५९’ दोन्हीकडे बरोबरच वाचली जाते, कारण पंचविसावा महिना नसल्याने तेथे दिवस व महिना आपोआप ओळखले जातात. त्यामुळे वरवर चार नावे तपासणाऱ्यास सर्व ठीक दिसते. बारा तारखेपर्यंत जन्मलेल्यांच्या नोंदी मात्र बिघडलेल्या असतात. उपाय सोपा आहे. दिवस, महिना व वर्ष मजकुरातून वेगळे काढून ‘डेट-सीरियल’ला द्यावेत. मग संगणकाच्या मांडणीचा प्रश्नच उरत नाही.

‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ अनेक मॅक्रोंच्या माथ्यावर आढळते. ती दोष दूर करीत नाही, केवळ दडविते. शोध चालू असेपर्यंत ती काढून ठेवावी.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण आहे. मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत देवनागरी अक्षरे टिकत नाहीत; त्यांची प्रश्नचिन्हे होतात. म्हणून पूर्वी अनेकांनी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टच्या कळांप्रमाणे मजकूर लिहून काम भागविले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर गावाच्या नावाऐवजी रोमन अक्षरांची अर्थहीन जुळणी दिसते. इतकेच नव्हे, तर युनिकोडमधील यादीशी ते नाव जुळतही नाही. सर्व मराठी शब्द युनिकोडमध्ये एका वेगळ्या शीटवर लिहून ठेवावेत आणि मॅक्रोने ते तेथून वाचावेत. शब्द बदलावयाचा झाल्यास मॅक्रो न जाणणारा लिपिकही तो त्या शीटवर बदलू शकतो.