चढावर गाडी दम टाकते : पंप बदलण्याआधी दाब मोजा



ऊस आपले मुख्य पीक खरे, पण भाजीपाला घेऊन माळशेज उतरून टोकावडे, सरळगाव, मुरबाडमार्गे कल्याण गाठणारेही आपल्यात आहेत. काहीजण कसारा घाट उतरून शहापूरवरून भिवंडीला जातात. परतीला मात्र सपाटीवर नीट चाललेली गाडी चढावर झटके देते, दम टाकते. अशा वेळी "पंप गेला" म्हणून नवा पंप बसवतात आणि पुढच्या फेरीला गाडी पुन्हा घाटातच अडते! पावसाळी रात्री, धुक्यात, वळणावर गाडी बंद पडणे हे पैशापेक्षा जिवाचे काम आहे. म्हणून आधी दाब मोजावा, मग सामान बदलावे.

दाब किती असावा? जुन्या कार्बुरेटरच्या गाडीला ३ ते ६ पौंड पुरे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीला बहुधा ४५ ते ५५ पौंड लागतो, म्हणजे टायरच्या हवेपेक्षा जास्त. नक्की आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात बघावा.

सपाटीवर बिघाड का दिसत नाही? पाइप चोंदला असला तरी एक सरी भिजते. दहा सऱ्या एकदम सोडल्या की शेवटपर्यंत पाणी पोचत नाही. इंजिनाचेही तसेच. चढावर पेट्रोल जास्त लागते, तेव्हाच कमतरता कळते.

तपासणी या क्रमाने करावी :

१. टाकीत पेट्रोल किती? कमी असेल तर चढावर ते एका बाजूला सरकते आणि पंप हवा ओढतो. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, हेही ध्यानात ठेवा.

२. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. बहुतेक गाड्यांत मागच्या बाजूला दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. आवाज नसेल तर प्रथम फ्यूज, रिले व वायरिंग पाहा.

३. पंप चालू असताना त्याच्या जोडावर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा बरेच कमी भरले तर दोष गंजलेल्या जोडात किंवा अर्थिंगमध्ये आहे. पंप बिचारा निर्दोष!

४. फिल्टर, टाकीतली जाळी आणि दगड लागून चेपलेला पाइप तपासा.

५. आता गेज लावा. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पेट्रोल अंगावर उडणार नाही. विडी-काडी लांब ठेवा. दाब उभ्या गाडीत आणि चढावर, दोन्ही वेळा बघा.

६. रेग्युलेटर इंजिनावर असेल तर त्याची व्हॅक्यूमची नळी काढून पाहा. आत पेट्रोल लागले तर पडदा फाटला. नव्या गाड्यांत रेग्युलेटर बहुधा टाकीतच असतो.

७. इंजिन बंद केल्यावर दाब झपाट्याने उतरला तर पंपाचा उलटझडप, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर संशयित धरावा. अशी गाडी थांबल्यावर पुन्हा चालू व्हायला वेळ घेते.

व्होल्टेज पुरे, वाट मोकळी, रेग्युलेटर ठीक, तरीही दाब कमी, तरच पंप बदला. दाब चढावरही बरोबर असेल तर एअर फिल्टर, प्लग, क्लच बघा.

आता आपल्या उसाशी संबंधित गोष्ट. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ साली मिरज व मनमाड येथेही झाला. २०२२ मध्ये देशात मिश्रण १० टक्क्यांवर पोचले, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या टाकीतला मळ सुटा करते; तो फिल्टरमध्ये अडकतो. जुन्या रबरी नळ्याही त्याने खराब होऊ शकतात. म्हणून जुन्या गाडीचा फिल्टर व नळ्या लवकर-लवकर बघाव्यात, आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीत जुने पेट्रोल ठेवू नये.

डिझेल पिकअपवाल्यांनी फिल्टरमधले पाणी वेळच्या वेळी काढावे. मात्र कॉमन रेलच्या इंजिनाचा जाड लोखंडी पाइप चालू इंजिनावर कधीही सैल करू नये. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो. ती धार कातडी फोडून आत शिरते. ते काम जाणत्या फिटरचेच.

सभासदांनी हा क्रम गाडीत लिहून ठेवावा आणि गॅरेजमध्ये पहिला प्रश्न हाच विचारावा : "मिस्त्री, दाब किती भरला?"