मोतीची बाहुली



'माझा आवडता प्राणी' या निबंधात तुमच्यापैकी चौघांनी कुत्रा निवडला. एकीने लिहिले आहे, "मी त्याला माझी जुनी खेळणी देते." ते वाचले आणि मला आमचा मोती आठवला.

आम्ही खोबरला कंपाउंडमध्ये राहत होतो. माझ्या मुलीने मोतीला आपली लोकरीची बाहुली दिली. अगदी प्रेमाने, बरे का! दोन दिवसांनी मोतीने खाणे सोडले, त्याला उलट्या होऊ लागल्या. डॉक्टरांनी ऑपरेशन करून पोटातून लोकरीचा लांब धागा काढला. लेंग्याची नाडी ओढली की कापडाला चुण्या पडतात ना? पोटात गेलेला धागा आतड्याचे तसेच करतो. मोती वाचला, पण मुलगी कितीतरी दिवस रडत होती.

त्या दिवशी आम्ही एक गोष्ट शिकलो. खेळणे आपल्याला किती आवडते ते पाहू नये, कुत्र्याचे तोंड पाहावे. मुले हातांनी खेळतात, कुत्रा दातांनी खेळतो.

खेळणे असे निवडा

१. आकार : खेळणे पूर्ण तोंडात मावता कामा नये. छोटा चेंडू घशात अडकला तर श्वास बंद होतो. टेनिसचा चेंडू सुमारे साडेसहा सेंटिमीटरचा असतो. मोठ्या कुत्र्याला तोही लहान पडतो. शिवाय त्याच्या खरखरीत लवेने दात झिजतात.

२. कठीणपणा : खेळण्यावर नख दाबून पाहा. थोडी खूण उमटली तर ठीक. अजिबात उमटली नाही तर ते दातांना फार कठीण आहे.

३. सुटे भाग : बटणाचे डोळे, रिबिनी, आतली शिट्टी, कापूस हे सारे गिळले जाते. फाटलेले खेळणे लगेच काढून टाका.

४. हाडे आणि काठ्या : शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिपा होतात. काठी तोंडात घुसून जखम होते. दोन्ही नकोत.

आता एक गंमत. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात जो मार्कहॅम नावाचे गृहस्थ होते. त्यांचा कुत्रा फ्रिट्झ दगड चावून दात खराब करून घेई. १९७० च्या दशकात एकदा गाडीचे काम चालू असताना फ्रिट्झने फोक्सवॅगनचा एक रबरी भाग पकडला आणि तो त्याला फारच आवडला. त्यावरूनच 'काँग' हे पोकळ, चिवट रबरी खेळणे तयार झाले. त्यात उकडलेले गाजर किंवा साधा भात भरला, की कुत्रा बराच वेळ रमतो. मनुका, कांदा आणि चॉकलेट मात्र कधीही नाही. ती कुत्र्याला विषासारखी आहेत.

आपल्या सौदीत

इथे घरोघरी खजूर असतात. त्यांच्या बिया कुत्र्याच्या आतड्यात अडकू शकतात, म्हणून बियांचे ताट उंचावर ठेवा. उन्हाळ्यात खेळ फक्त पहाटे किंवा रात्री. आधी तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवा. चटका बसला तर कुत्र्याचे पायही भाजतील.

खेळाची शिस्त

तोंडातले खेळणे ओढून घेऊ नका. दुसरे खेळणे किंवा खाऊ दाखवा, म्हणजे तो पहिले आपणच सोडतो. याला म्हणतात अदलाबदल! सुट्टीत भारतात गेल्यावर रस्त्यावरच्या कुत्र्याशी असे खेळू नका. चावलाच तर लपवू नका. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

पालकांसाठी : मूल आणि कुत्रा खेळत असताना मोठे माणूस जवळ हवे. कुत्र्याच्या तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडे कापले जाऊ शकते. तडक पशुवैद्य गाठा.

शब्दार्थ : चिवट – सहज न तुटणारे, लव – बारीक मऊ केस, अणकुचीदार – टोकदार, तडक – ताबडतोब.

घरचा अभ्यास

१. लोकरीची बाहुली मोतीसाठी धोक्याची का ठरली?

२. घरातली पाच खेळणी घ्या. वरचे नियम लावून कुत्र्याला कोणती चालतील ते लिहा.

३. 'मोतीचे मनोगत' सात ओळींत लिहा.