भाड्याचे घर आणि गॅसची सुरक्षितता : जबाबदारी कोणाची?

१६ मे १९६८ ची पहाट. सुमारे पावणेसहाची वेळ. पूर्व लंडनमधील न्यूहॅम भागात ‘रोनन पॉइंट’ नावाची बावीस मजली नवी इमारत उभी होती. स्थानिक नगरपरिषदेने भाडेकरूंसाठी ती बांधली होती आणि लोक राहावयास येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अठराव्या मजल्यावरील एका महिलेने चहासाठी शेगडी पेटवावी म्हणून काडी ओढली आणि प्रचंड स्फोट झाला. बाजूच्या भिंती उडाल्या आणि इमारतीच्या एका कोपऱ्यातील खोल्या पत्त्यांच्या घराप्रमाणे एकीवर एक कोसळल्या. चार माणसे मृत्युमुखी पडली, सतरा जखमी झाली. काडी ओढणारी महिला मात्र दैवयोगाने वाचली.

चौकशी झाली तेव्हा इमारतीच्या रचनेतील दोष उघड झाले. त्याचबरोबर स्फोटाचे मूळही सापडले. शेगडीला गॅसची नळी जोडणारा एक पितळी नट सदोष होता. त्याला तडा जाऊन रात्रभर घरात गॅस साचत गेला होता. एवढ्या मोठ्या इमारतीचा कोपरा ढासळण्यास तळहातावर मावेल एवढी वस्तू कारणीभूत झाली, ही गोष्ट ब्रिटनमधील जाणकारांच्या मनाला फार लागली.

भाड्याच्या घरातील गॅस सुरक्षित राखण्याची जबाबदारी नेमकी कोणावर, या प्रश्नाचे उत्तर त्या देशाने पुढील काही दशकांत टप्प्याटप्प्याने शोधले. हे उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. आपल्या राज्यातील लाखो कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात आणि त्यांच्या स्वयंपाकघरात, कित्येकांच्या न्हाणीघरातही, गॅस जळतो.

प्रथम कारागीर, मग मालक

रोनन पॉइंटच्या दुर्घटनेनंतर १९७० मध्ये गॅस बसविणाऱ्या कारागिरांची नोंदणी करणारी ‘कॉर्गी’ ही संस्था स्थापन झाली. आरंभी ही नोंदणी ऐच्छिक होती. १९९१ पासून गॅसचे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्यांना ती सक्तीची करण्यात आली. १ एप्रिल २००९ पासून या संस्थेची जागा ‘गॅस सेफ रजिस्टर’ या नोंदवहीने घेतली. या नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाने तेथे गॅसचे काम धंदा म्हणून करणे हा गुन्हा ठरतो.

तथापि कारागीर चांगला असला तरी त्याला बोलावणार कोण, हा प्रश्न उरतोच. स्वतःच्या घरात राहणारा माणूस बिघाड दिसला की दुरुस्तीला माणूस बोलावतो. भाड्याच्या घराची गोष्ट निराळी. उपकरण मालकाचे, वापर भाडेकरूचा. मालक म्हणतो, “वापरणाऱ्याने पाहावे.” भाडेकरू म्हणतो, “दुसऱ्याच्या वस्तूवर आपण का खर्च करावा?” या दोघांच्या मध्ये धोका तसाच पडून राहतो. ही कोंडी फोडण्यासाठी १९९४ च्या नियमांत घरमालकावर प्रत्यक्ष कर्तव्ये लादण्यात आली. पुढे ३१ ऑक्टोबर १९९८ पासून ‘गॅस सुरक्षितता (उभारणी व वापर) नियम’ नव्याने अमलात आले आणि दुरुस्त्यांसह तेच आजही इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये लागू आहेत.

नियम काय सांगतो?

या नियमावलीतील ३६ वा नियम घरमालकासाठी आहे. मालक खाजगी असो, नगरपरिषद असो वा गृहनिर्माण संस्था असो, सात वर्षांहून कमी मुदतीने घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकास तो बांधून ठेवतो. वसतिगृहे व पर्यटकांना अल्पकाळ भाड्याने दिलेल्या जागाही त्याच्या कक्षेत येतात.

मालकाची पहिली जबाबदारी देखभालीची. भाडेकरूला पुरविलेली गॅसची उपकरणे, नळ्या आणि जळालेला वायू बाहेर नेणारी धुराडी सदैव सुरक्षित स्थितीत राखली पाहिजेत. दुसरी जबाबदारी तपासणीची. प्रत्येक उपकरण व धुराडे बारा महिन्यांच्या आत एकदा नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे लागते. ज्योतीला पुरेशी हवा मिळते काय, धुराडे वायू नीट ओढते काय, गॅसचा दाब योग्य आहे काय आणि उपकरण सुरक्षितपणे चालते काय, हे तंत्रज्ञ पाहतो. वर्षातून एकदा तपासणी केली म्हणून एरवीच्या देखभालीतून सुटका होत नाही.

तिसरी जबाबदारी कागदाची, आणि सर्व योजनेचा प्राण तिच्यातच आहे. तपासणीचा दिनांक, घराचा पत्ता, प्रत्येक उपकरण कोठे आहे, कोणता दोष आढळला, त्यावर काय उपाय केला, तंत्रज्ञाचे नाव, सही व नोंदणी क्रमांक हे सर्व लिहून ठेवावे लागते. या नोंदीची प्रत राहत्या भाडेकरूला तपासणीनंतर २८ दिवसांच्या आत आणि नव्या भाडेकरूला तो राहावयास येण्यापूर्वी द्यावी लागते. आपल्या घरातील गॅसची स्थिती काय आहे, हे जाणण्यासाठी भाडेकरूला मालकाच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.

घराची व्यवस्था दलालाकडे सोपविली तरी मालकाची कायदेशीर जबाबदारी संपत नाही. भाडेकरूने स्वतः आणलेल्या उपकरणाची जबाबदारी मात्र मालकावर नाही. तपासणीसाठी घरात प्रवेश देणे हे भाडेकरूचे काम आहे. तो देत नसेल तर मालकाने वारंवार लेखी प्रयत्न केल्याचे दाखवावे लागते. नियमभंग हा १९७४ च्या कामावरील आरोग्य व सुरक्षितताविषयक कायद्याखाली फौजदारी गुन्हा असून त्यास दंड व कारावास अशा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

न दिसणारा शत्रू

स्फोटाचा आवाज दूरवर ऐकू जातो. गॅसचा दुसरा धोका मात्र आवाज न करता येतो. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की इंधन अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधील गॅस गळला तर ओळखता यावा म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. जळणातून निर्माण होणाऱ्या या विषाला तशी खूण नसते. श्वासावाटे तो रक्तात गेला की रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट धरून ठेवते. परिणामी शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, हातापायांतील बळ जाते. दार उघडून बाहेर पडावे एवढेही भान कित्येकदा उरत नाही.

म्हणूनच ब्रिटिश नियमावलीचा ३० वा नियम सांगतो की, न्हाणीघरात गॅसचे उपकरण बसवावयाचे असेल तर ते पूर्ण बंदिस्त पद्धतीचेच असले पाहिजे. म्हणजे त्याने ज्योतीसाठी हवा घराबाहेरून घ्यावी आणि जळालेला वायू घराबाहेरच सोडावा. माणूस ज्या खोलीत दार लावून स्नान करतो तेथील हवेला उपकरणाने स्पर्शच करू नये, हे त्यामागील तत्त्व आहे. याशिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमधील घरमालकाने, गॅसची शेगडी वगळता इंधन जाळणारे अन्य कायम बसविलेले उपकरण असलेल्या प्रत्येक राहत्या खोलीत या वायूची सूचना देणारी घंटा बसविणे बंधनकारक आहे.

आपल्याकडील न्हाणीघर

हे वाचताना आपल्याकडील न्हाणीघर डोळ्यांसमोर येते. आपल्या शहरांत व तालुक्याच्या गावी गॅसचा गिझर पुष्कळ घरांत दिसतो. विजेच्या गिझरपेक्षा तो स्वस्तात चालतो, पाणी तत्काळ गरम करतो आणि वीज गेली तरी अडत नाही. पण अनेकदा तो न्हाणीघराच्या भिंतीवरच टांगलेला असतो. त्याला धुराडे नसते. तो खोलीतील हवा घेतो आणि जळालेला वायू खोलीतच सोडतो. हिवाळ्यात न्हाणीघरात कोणी बेशुद्ध पडल्याच्या वा दगावल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येतात, त्यांमागे पुष्कळदा हेच कारण असते.

प्रस्तुत लेखकाने बदलीच्या एका गावी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मालकांनी न्हाणीघरात नवा गिझर बसवून दिला, याचे आम्हाला अप्रूपच वाटले. थंडी सुरू झाली तेव्हा गार वारा येऊ नये म्हणून न्हाणीघराचा झरोका लेखकाने स्वतःच्या हाताने पुठ्ठा लावून बंद केला. काही दिवसांनी स्नान करून बाहेर येताना पत्नीला घेरी येऊ लागली. अशक्तपणा असेल, पित्त असेल, असे समजून औषधे झाली. एके दिवशी शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांनी तो पुठ्ठा पाहिला आणि काही न बोलता काढून टाकला. त्यानंतर घेरी आली नाही. मालकांनी सद्भावनेने गिझर दिला होता आणि भाडेकरूने अज्ञानाने झरोका बुजविला होता. तपासणी करणे हे आपले काम आहे, असे दोघांपैकी एकालाही वाटले नव्हते.

आपला कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ अन्वये, विरुद्ध करार नसल्यास, जागा चांगल्या व राहण्यायोग्य दुरुस्तीत ठेवण्यास मालक बांधील आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुर्लक्ष केल्यास भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून, त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांश मर्यादेपर्यंत, खर्च वळता करून घेऊ शकतो. परंतु गॅस उपकरणांची वर्षाकाठी तपासणी व तिची नोंद यांविषयी या अधिनियमात वेगळी तरतूद नाही. केंद्र शासनाने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या परिशिष्टात तर, वेगळा करार नसल्यास, गिझरची दुरुस्ती भाडेकरूच्या वाट्याला दिलेली आहे.

म्हणजे आपल्याकडे आज खरा भार करारावर आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. या करारांत भाडे, अनामत आणि मुदत यांविषयी बारकाईने लिहिलेले असते. गॅसविषयी बहुधा एक ओळही नसते. ती लिहिण्यास कोणतीही आडकाठी नाही. पुढील बाबी करारात याव्यात :

१. घरातील गॅसची कोणती उपकरणे मालकाची व कोणती भाडेकरूची, याची यादी.

२. मालकाच्या उपकरणांची वर्षातून एकदा जाणकार तंत्रज्ञाकडून तपासणी, तिचा दिनांक आणि लेखी प्रत भाडेकरूस देण्याची हमी.

३. न्हाणीघरात धुराड्याविना गॅसचा गिझर बसविला जाणार नाही. असल्यास तो बाहेरच्या मोकळ्या जागी हलविला जाईल.

४. झरोके व वायुवीजनाच्या जागा भाडेकरू बुजविणार नाही आणि तपासणीसाठी प्रवेश देईल.

५. गॅसची रबरी नळी प्रमाणित असेल व पाच वर्षांच्या आत बदलली जाईल.

झरोक्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर जमिनीलगत साचतो. नळाद्वारे येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. यास्तव सिलिंडर असलेल्या खोलीत खालच्या बाजूस आणि नळाचा गॅस असलेल्या खोलीत वरच्या बाजूस हवा खेळती असली पाहिजे. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागली, भांड्यांवर काजळी धरू लागली किंवा घरातील अनेकांचे डोके एकदमच दुखू लागून बाहेर गेल्यावर थांबू लागले, तर ते उपकरण बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि तपासणी झाल्याविना ते पुन्हा पेटवू नये. सिलिंडरच्या गॅसची गळती आढळल्यास देशभर १९०६ हा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

आपल्या हातचे काम

या लेखाचे वाचक दोन्ही बाजूंना उभे आहेत. बदलीच्या गावी खोली घेऊन राहणारे शिक्षक, परिचारिका व कर्मचारी हे भाडेकरू आहेत. शासकीय निवासस्थाने, वसतिगृहे व ग्रामपंचायतींच्या खोल्या सांभाळणारे अधिकारी व पंचायत सदस्य हे मालकाच्या जागी आहेत. रोनन पॉइंटची मालकीही एका स्थानिक संस्थेकडेच होती, हे विसरता कामा नये. ग्रामपंचायतीच्या मालकीच्या खोल्यांची एक साधी नोंदवही ठेवली आणि तीत उपकरण, तपासणीचा दिनांक व सही असे तीन रकाने पाडले, तरी आरंभ होईल. शिक्षकांना विद्यार्थ्यांमार्फत ज्योतीच्या रंगाचा व झरोक्याचा पाठ घरोघर पोहोचविता येईल.

ब्रिटनच्या नियमावलीतून घ्यावयाचा धडा छोटा आहे. तेथील यंत्रे, हवामान व घरे आपल्यापेक्षा निराळी आहेत. परंतु जबाबदारीला माणसाचे नाव आणि दिनांक जोडल्याविना ती कोणाचीच राहत नाही, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे. थंडीचे दिवस येण्यापूर्वी प्रत्येक घरमालकाने एकदा आपल्या भाडेकरूच्या न्हाणीघराचे दार उघडून वर पाहावे. तेथे गिझर असेल आणि झरोका नसेल, तर दुरुस्तीचे काम त्याच दिवशी हाती घ्यावे.